कापसाच्या खोलीतला मोडेम

नणंदेनं भावजयीचं कौतुक करायचं नसतं, असा आमच्या घराण्यात न बोलता पाळला जाणारा नियम आहे. भावजयीच्या हातचं भरीत फार छान झालं, तर नणंदेनं 'यंदा वांगी बरी निघाली' एवढंच म्हणायचं. दादाच्या लग्नानंतरची दहा-बारा वर्षं मीही हा नियम इमानेइतबारे पाळला. त्यात माझा स्वभाव मिरचीचा, आणि वहिनीचा असा, की कितीही तापवा, तडतडायची नाही. अशा माणसाशी भांडण्यातही मजा नसते.

मी तेव्हा यवतमाळला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. आई, दादा आणि वहिनी गावी असायचे, बाभुळगावपासून मोटरसायकलनं वीस मिनिटांवर. घरची शेती कापसाची, थोडी तूर, थोडं सोयाबीन. कापसाची वाईट वर्षं होती ती. पीक आलं तर भाव नाही, आणि भाव आला तर पीक नाही. म्हणून लोक कापूस विकायला न नेता घरातच भरून ठेवायचे. आज नाही तर उद्या भाव चढेल, या आशेवर. दिवाळीनंतर आमच्या गल्लीत कोणाकडेही गेलं, तर एक तरी खोली छातीपर्यंत कापसानं भरलेली असायची, आणि घरची माणसं उरलेल्या खोल्यांत कोंबून राहायची. पाहुण्यांची पथारी ओसरीवर पडायची, आणि त्याचं कोणाला काही वाटायचं नाही.

दादानं घरी इंटरनेट घेतलं तेही या कापसापायीच. लांबलांबच्या बाजारांतले भाव घरबसल्या दिसतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. गावात टेलिफोन एक्स्चेंज होतंच. माझा जुना लॅपटॉप मी त्याला दिला, फोनच्या तारेवरून नेट आलं आणि घरभर बिनतारी चालेल असा मोडेम बसला. बसला त्या दिवशी दादानं मला फोन करून त्याच्यावरचे दिवे मोजून सांगितले होते. पुढे तो रोज सकाळी चहा घेत भाव पाहायचा, आणि भाव पाहिले की चहा तसाच राहायचा. शेवटी आईनं दम भरला, "एक तं भाव पाह्य, नाई तं जेव. दोन्ही जमून नाई राह्यलं तुले." तेव्हा त्यानं लॅपटॉप कपाटावर ठेवून दिला, तो ठेवूनच दिला.

त्या शनिवारी मी सकाळच्या गाडीनं घरी गेले होते, काही काम नसताना, आईच्या हातचं खायला. जेवणं झाली. वहिनीनं ओटा पुसला, हात कोरडे केले आणि एक निळी फाईल घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, एक काम होतं. रागावू नका."

ही सुरुवात ऐकूनच माझा पारा चढायला लागतो. पण फाईल उघडली आणि पारा उतरला. आत तिची शेतीची पदविका होती. लग्नाआधी ती शिकलेली, पहिल्या वर्गात पास झालेली. लग्न जमवताना हे आम्ही चारचौघांत दोन-तीनदा सांगितलं होतं, आणि लग्न झाल्यावर विसरून गेलो होतो. मी तर साफच विसरले होते. शेतीखात्यात गावोगाव फिरून शेतकऱ्यांना सल्ला द्यायच्या जागा बऱ्याच वर्षांनी निघाल्या होत्या. अर्ज फक्त कॉम्प्युटरवरून भरायचा होता. त्याचा आज शेवटचा दिवस होता आणि संध्याकाळी पाचला तो बंद होणार होता.

"पुढच्या वेळी भरा की," मी म्हणाले.

"पुढच्या महिन्यात मायं वय निघून जाते ताई. पुढच्या भरतीले मले बसताच येत नाई."

हे तिनं भाजी संपली सांगावं तसं सांगितलं. मी मात्र ओरडले. आज शेवटचा दिवस आणि तुम्ही आज सांगता? मी यवतमाळात होते, आठ दिवस आधी सांगितलं असतं तर माझ्या टेबलावर बसून दहा मिनिटांत झालं असतं! ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, की आभाळ आलं होतं, कापूस झाडावर लोंबत होता, वेचायला बाया मिळत होत्या त्या दिवसांतच वेचून घ्यायला हवा होता. गेले आठ दिवस ती उजाडायच्या आत शेतात होती. मधेच एकदा बाभुळगावला जाऊन आली, फोटो आणि सही पेन ड्राइव्हमध्ये करून घेतली. पण त्या दिवशी साइटच उघडली नाही. म्हणून परत येऊन वेचायला लागली. आज पहिला मोकळा दिवस होता. बाभुळगावला जावं तर तिथे भारनियमन, दुपारची गेलेली वीज पाचनंतर येणार. आमच्या गावात त्या आठवड्यात दुपारची वीज होती.

"मंग घरीच भरू ना," दादा म्हणाला. "नेट घरचं, मास्तरीन घरची. टेन्शन कायचं?"

दीड वाजला होता. मी लॅपटॉप कपाटावरून काढला, पदरानं धूळ पुसली आणि ऐटीत बसले. मनातून मला बरंच वाटत होतं, हे कशाला लपवू. अडल्या वेळी माझ्या विद्येचा घरात उपयोग होणार होता.

लॅपटॉप सुरू झाला. कोपऱ्यात आमच्या नेटचं नाव दिसलं, तेच, फोनवाल्यांनी ठेवलेलं इंग्रजी अक्षरांचं आणि आकड्यांचं. मी त्यावर दाबलं, पासवर्ड टाकला. तो बराच वेळ गोल गोल फिरत राहिला आणि मग म्हणाला, जोडता येत नाही.

"मोडेम चालू आहे ना रे?" मी दादाला विचारलं. हे मी विचारलं होतं, याची नोंद असावी.

"चालूच हाये." त्यानं ओसरीवरच्या फोनचा रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावला. "आईक. टोन येऊन राह्यली का नाई? लाईन चालू हाये म्हणून तं फोन चालू हाये."

टोन येत होती. मोडेम डोळ्यांनी पाहावा म्हटलं तर तो मधल्या खोलीत, पलीकडच्या कोनाड्यात. आणि मधली खोली कापसानं भरलेली. दारात आडव्या फळ्या लावून कापूस अडवला होता, आणि फळ्यांच्या वर तो पांढरा ढीग दाराच्या वरच्या चौकटीला हातभर कमी एवढा चढला होता. कोनाडा कापसाच्या मागे कुठेतरी गेला होता. पण नाव तर यादीत दिसत होतं. ज्या मोडेमचं नाव दिसतं, तो चालूच असणार. मी पुढे गेले.

पुढचा दीड-पावणेदोन तास मी काय काय केलं, ते माझ्या विद्यार्थ्यांनी पाहायला हवं होतं. लॅपटॉप बंद करून सुरू केला. तीनदा. ते नेट यादीतून पुसून पुन्हा जोडलं. दादाच्या वहीतला पासवर्ड लहान अक्षरांत टाकला, मोठ्या अक्षरांत टाकला. व्हायरसवाला प्रोग्रॅम बंद केला. वायफायचा ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला, आणि तो बसताना दादाला ड्रायव्हर म्हणजे काय हे समजावून सांगितलं. नेटच्या काड्या दोनच दिसत होत्या. त्यावर मी आईला मातीच्या जाड भिंतींतून लहरी कशा अडतात, यावर छोटं व्याख्यान दिलं. मग लॅपटॉप हातात घेऊन घरभर फिरले. स्वयंपाकघरात एक काडी. मागच्या दारी तीही नाही. पुढच्या ओसरीवर, रस्त्याच्या बाजूला, तीन काड्या. आमचा मोडेम घराच्या मधोमध, आणि काड्या वाढतात रस्त्याच्या बाजूला! हे माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. पण डोक्यात तेव्हा दुसरंच भरलं होतं. मी दादावर घसरले.

"तूच पासवर्ड बदललास. काहीतरी दाबलं असशील."

"मी कायले बदलवतो? आईची शप्पथ."

"माही शप्पथ कायले घेतं रे?" आई बाजेवरून म्हणाली. "लागत नसन तं नाई लागत म्हना ना."

सव्वातीन झाले होते. दादा मोटरसायकलची किल्ली शोधायला उठला. यवतमाळ गाठायला सव्वा तास, त्यात रस्त्याचं काम सुरू, आणि तिथे शेवटच्या दिवसाची रांग. पोचलोच असतो असं कोणीच म्हणत नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. मी लॅपटॉप बाजूला सरकवला आणि म्हणाले, की हा बिघाड फोनवाल्यांकडचाच आहे, इथून काही होणार नाही. मला येत नाही, असं म्हणायची मला सवय नव्हती.

वहिनी इतका वेळ उंबऱ्यापाशी बसून होती. एकदाही 'काय झालं' विचारलं नव्हतं, घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. आता ती उठली.

"ताई, हे नेट येते कुठून?"

"वहिनी, ते आत्ता समजावून सांगायची वेळ आहे का?"

"समजावू नका. फक्त येते कुठून ते सांगा. खांबावरून येते ना?"

"हो, खांबावरून," मी तुटकपणे म्हणाले.

"मंग मी खांबापासून पाह्यतो."

इथे आधी एक सांगायला हवं. आमच्या विहिरीजवळच्या तुकड्यात त्या वर्षी ठिबक होतं. नळ्यांच्या शेवटी झाडं सुकली, की दादा शेवटच्या सरीत जाऊन उकिडवा बसायचा आणि टाचणीनं नळीची भोकं कोरायचा. अर्धा दिवस कोरायचा आणि सगळ्या जगाला शिव्या द्यायचा. वहिनी तसं करत नसे. ती विहिरीपाशी जायची. मोटर पाहायची, फिल्टर पाहायची, मग मोठ्या पाइपाच्या कडेकडेनं चालत यायची, प्रत्येक जोडाला हात लावत. पाणी इथपर्यंत आहे, इथपर्यंत आहे, इथे नाही. जिथे नाही, तिथे बसायचं. तिला कोणी हे शिकवलं नव्हतं, की शिकवलं होतं आणि आम्ही विसरलो होतो, कोण जाणे. दादाला ती एवढंच म्हणायची, "सुकलेल्या झाडाले काय विचारता? त्याले काय मालूम?"

तर ती बाहेर गेली आणि मी, करायला काहीच उरलं नव्हतं म्हणून, तिच्या मागे गेले. खांबाखाली उभं राहून तिनं वर पाहिलं. तार नीट होती. तारेवर नजर ठेवून ती लिंबाच्या फांदीखालून चालत आली, ओसरीच्या वाशापर्यंत. वाशाला खिळा होता, तार तुटलेली नव्हती. तिथून फोन. तिनं रिसीव्हर उचलला, टोन ऐकली, ठेवला. "इथपर्यंत हाये," ती म्हणाली. फोनच्या बाजूला छोटी डबी होती, तिच्यातून दुसरी तार निघत होती. त्या तारेवर बोट फिरवत ती मधल्या खोलीच्या खिडकीपाशी आली. तार चौकटीच्या भोकातून आत गेली होती.

"आता आत त्याले काय काय लागते?"

"ही तार लागते."

"बस, हेच?"

"नाही, वीज लागते ना," मी म्हणाले. "विजेशिवाय कसं..."

तिचं बोट तारेवरच थांबलं. मग ती वळली आणि मीटरच्या पाटीपुढे जाऊन उभी राहिली. पाटीवर चार फ्यूजच्या जागा होत्या. त्यातल्या एका जागी फ्यूज नव्हता.

ज्याच्या घरात कधी कापूस भरला नाही, त्याला हे कळणार नाही. खोलीत कापूस पडायला लागला, की पहिलं काम त्या खोलीची वीज तोडायचं. नुसतं बटण बंद करून भागत नाही, फ्यूजच उपटून ठेवायचा. एक ठिणगी पडली तर वर्षाचं पीक, घर आणि माणसं, काहीच हाती लागत नाही. आमची आई तर कापूस घरात असेपर्यंत उदबत्तीसुद्धा अंगणात लावायची, आणि बिडी ओढणारा सख्खा भाऊ आला तरी त्याला फाटकाबाहेर बसवायची. काढलेला फ्यूज ती देवघरात कुंकवाच्या डब्याशेजारी ठेवायची. अलीकडे हे काम वहिनीकडे आलं होतं. आठ दिवसांपूर्वी मागची खोली भरली आणि मधल्या खोलीत पहिली गाठोडी रिकामी झाली, तेव्हा तिनं नेहमीप्रमाणे पाटीपुढे जाऊन फ्यूज काढला होता. कोनाड्यातल्या मोडेमची आठवण तिलाही झाली नाही आणि दादालाही नाही.

"मीच काढला," ती म्हणाली. "माह्याच हातानं."

"पण नाव दिसतंय ना!" मी जवळजवळ किंचाळले. आणि किंचाळतानाच मला कळलं. रस्त्यापलीकडे शाळेतल्या गुरुजींचं घर होतं. त्यांनीही दादाच्याच आठवड्यात नेट घेतलं होतं. तेच फोनवाले, तसाच मोडेम, आणि तेच नाव, कारण ते नाव बदलता येतं हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. गुरुजी चार दिवसांपासून घराला कुलूप लावून लग्नाला गेले होते आणि मोडेम तसाच चालू ठेवून गेले होते. पावणेदोन तास मी आमच्या घरची किल्ली गुरुजींच्या कुलपात फिरवत होते, आणि कुलूप उघडत नाही म्हणून सख्ख्या भावाला शिव्या देत होते. वर्षाच्या पहिल्या तासाला मी मुलांना सांगते, की मशीन चालत नसेल तर आधी वीज आहे का पाहा. मुलं हसतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण वेळ नव्हता. साडेतीन वाजले होते. मी सरळ देवघरात गेले, फ्यूज उचलला आणि पाटीकडे निघाले. अर्ध्या तासाचं काम होतं. अर्धा तास फ्यूज लावायचा आणि काढून टाकायचा. तरी आईसमोरून जाताना माझे पाय थबकले, कारण हा नियम तिचा होता. आईनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग वहिनीकडे.

"लाव," आई म्हणाली. "अर्ध्या घंट्यानं काय होते. तिचं वय काई वापस येनार नाई."

माझ्या आईच्या तोंडून हे येईल असं मला सात जन्मांत वाटलं नसतं. मी पाटीला हात घालणार, तोच वहिनीनं माझं मनगट धरलं. तिनं मला कधी हात लावून अडवलं नव्हतं.

"नाई ताई. नाई लावायचा."

"अहो वहिनी, तुमचाच अर्ज आहे!"

"म्हणूनच. माह्या अर्जासाठी मी सगळ्यायचं घर पणाले नाई लावत. आत उंदीर हायेत, एखाद्यानं वायर खाल्ली असन तं? नाई झाला अर्ज तं नाई झाला."

आवाज चढला नव्हता. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, आणि त्या पाण्यातही ती ठाम होती. मला तेव्हा तिचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

तिनं डोळे पुसले आणि आतून कडी लावलेल्या खिडकीकडे पाहिलं. मग विचारलं, "ताई, तो डब्बा त्याच खोलीत पाह्यजे असं काई हाये काय?"

नव्हतं. तसं काही म्हणजे काहीच नव्हतं. तो तिथे होता, कारण दादानं तिथे ठेवला होता. कोनाड्याशेजारी प्लग होता, एवढंच. तार ओसरीवर होती, वीज स्वयंपाकघरात होती. आणायचा होता फक्त डबा.

"मंग मीच जातो," वहिनी म्हणाली. दादा पुढे झाला, तर तिनं त्याला थांबवलं. "तुमी जड हा. तुमी गेले तं खाली जासान." वेचताना कमरेला बांधतात ती कापडाची ओटी तिनं बांधली, नाकातोंडावर रुमाल गुंडाळला, पदर खोचला आणि फळ्यांवर पाय देऊन वर चढली. कापूस आणि छत यांच्यात हातभर जागा होती. त्या फटीत ती पोटावर झोपून शिरली. आधी तिचे पाय दिसत होते, मग तेही दिसेनासे झाले.

आम्ही तिघं फळ्यांपाशी उभे राहिलो. आतून काहीच आवाज येत नव्हता. कापूस आवाज खाऊन टाकतो. दादा दर थोड्या वेळानं विचारत होता, "हायेस ना?" आणि आतून दबलेलं "हाव" येत होतं. त्या दोघांना एकमेकांशी असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. एकदा बराच वेळ 'हाव' आलं नाही. दादानं फळीवर पाय ठेवला, एवढ्यात खिडकीकडून धप्प आवाज आला आणि झडपा बाहेर उघडल्या. गजांमागे आधी कापूस ओघळला, मग एक हात दिसला, आणि हातात आमचा मोडेम. त्याच्यामागून त्याचा चार्जर.

दादानं तो चार्जर घेतला आणि उलटापालटा करून पाहत राहिला. मग त्यानं तो माझ्यापुढे धरला. वायरीचं प्लास्टिक बोटभर कुरतडलेलं होतं. आतली तांब्याची तार उघडी होती, लखलखीत. ही तार कापसात पडली होती आणि मी फ्यूज लावायला निघाले होते. आईनं ते पाहिलं, माझ्या हातातला फ्यूज काढून घेतला आणि परत देवघरात नेऊन ठेवला.

वहिनी बाहेर आली ती नखशिखांत पांढरी. भुवयांवर कापूस, कानांत कापूस, दोन्ही हातांवर खाजेचे लाल चट्टे. "सापडला," ती म्हणाली, जणू आम्ही पाहिलाच नव्हता. दादानं वायरीला काळी पट्टी गुंडाळली, दोनदा गुंडाळली. मी खिडकीतली तार बाहेर ओढून मोडेमला लावली. स्वयंपाकघरातून लांब वायरीचा बोर्ड ओढून आणला आणि मोडेम ओसरीवर, कापसापासून शक्य तितका लांब, रांजणाच्या झाकणावर ठेवला. दिवे एकेक करून लागले. लॅपटॉपच्या यादीत तेच नाव आता दोनदा आलं. एक तीन काड्यांचं, एक पाच काड्यांचं. पाच काड्यांवर दाबलं आणि एका झटक्यात जोडलं गेलं.

सव्वाचार. साइट मुंगीच्या पावलानं उघडत होती. वहिनीनं सगळी उत्तरं वहीत आधीच लिहून आणली होती, विचारतील त्याच क्रमानं. ती वाचत होती, मी भरत होते. नाव, पत्ता, शिक्षण, गुण. फोटो चढला. सही दोनदा परत आली, तिसऱ्यांदा चढली. पाचला बारा मिनिटं होती. शेवटच्या पानावर एक प्रश्न आला, तो तिच्या वहीत नव्हता. संगणकाचे ज्ञान आहे काय? होय किंवा नाही. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, प्रमाणपत्र नेमणुकीनंतर दोन वर्षांत दिले तरी चालेल.

"नाई लिहा ताई," ती म्हणाली. "मले कुठं येते? मी तं त्याले कधी हातबी नाई लावला."

मी तिच्याकडे पाहिलं. केसांत कापूस तसाच होता. माझ्याकडे पदवी होती, त्यावरची पदवी होती, नऊ वर्षांची नोकरी होती, आणि त्या दुपारी घरातल्या चार माणसांत ज्या एका माणसाला कॉम्प्युटर का चालत नाही हे शोधता आलं होतं, ते माणूस मला म्हणत होतं, नाही लिहा. मी 'होय'वर दाबलं.

"ताई, खोटं कायले?"

"वहिनी, यातलं मला जास्त कळतं," मी म्हणाले. "तुम्हाला येतं. मला आज आलं नाही. प्रमाणपत्राचं मी पाहते."

'पाठवा' वर मी तिला स्वतः दाबायला लावलं. अर्ज पोचला, असं पडद्यावर आलं तेव्हा पाचला सहा मिनिटं होती. तिनं ते वाक्य दोनदा मोठ्यानं वाचलं, आणि मग ती ओसरीच्या पायरीवर बसून रडली, आमच्या सगळ्यांच्या देखत, हुंदके देऊन. आई तिच्या केसांतला कापूस एकेक पुंजका करून काढत बसली. मी रांजणापाशी उभी राहून म्हणाले, "वहिनी, तुमच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही." बारा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, आणि फारच उशिरा म्हणतेय, असं तेव्हाच वाटलं.

पुढे परीक्षा झाली, यादी लागली, यादीत ती वरून सातवी होती. नेमणूक मिळाली झरी जामणीला, घरापासून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जंगलातल्या गावांत. तिथे कोणी जायला मागत नाही, असं सगळे म्हणाले. ती गेली. तोवर दर रविवारी यवतमाळला माझ्याकडे येऊन तिनं प्रमाणपत्राची तयारी सुरू केली होती, आणि मी तिच्यावर एकदाही ओरडले नव्हते. तिनं तशी संधीच दिली नाही.

हजर व्हायच्या दिवशी दादा तुरीच्या कामात अडकला होता, म्हणून मी सोबत गेले. तिथल्या कचेरीत टेबलामागचे साहेब तिचे कागद चाळत होते. कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हा महिनाभरापासून बंद आहे, बाई. इथे कोणाला काही कळत नाही. तुम्हाला कॉम्प्युटर येतो?"

मी तिच्या मागे, दारात, तिची निळी फाईल हातात धरून उभी होते. साहेबांनी कागदांवरून मान वर केली. ती माझ्याकडे वळेल म्हणून मी वाट पाहत होते. ती वळली नाही.

"येते," वहिनी म्हणाली.